अज्ञात पूर्वजाची ओळख : नाव, नोंद आणि पुरावा

उद्दिष्टे
या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस जुन्या नोंदींतील नामरूपभेदांची भाषिक कारणे सांगता येतील. तसेच दोन नोंदींतील व्यक्ती एकच आहे किंवा नाही, याचा साधार निर्णय करता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, पणजोबांच्या पलीकडचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रासाठी शपथपत्रावरील वंशावळ आणि वडिलांकडील नात्यातील जुना पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व असते. पूर्वजाची ओळख पटली नाही, तर एखाद्याचा प्रवेश वा नोकरी अडते. चुकीची ओळख जोडली, तर वंशावळच खोटी ठरते.

२. नोंद कोणी व कशी लिहिली?
नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणून येथील कागदपत्रांत मोडी, बाळबोध, हिंदी आणि इंग्रजी अशा अनेक लेखनपद्धती भेटतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. हिंदी लेखनात ‘ळ’चा ‘ल’ होतो. इंग्रजीत ‘ट’ व ‘त’ यांना एकच अक्षर पुरते. वऱ्हाडी-नागपुरी बोलींत तर ‘डोळा’चा उच्चार ‘डोया’ होतो. साहजिकच ‘काळे’, ‘काले’ व ‘काये’ ही एकाच आडनावाची तीन रूपे असणे संभवते. मात्र संभव म्हणजे सिद्धी नव्हे.

३. नोंदींतील मौन
गावच्या कोतवाल पंजीत जन्माची नोंद बहुधा पित्याच्या नावावर असते. बालकाचे नाव नसते. आडनावही अनेकदा नसते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलल्याने तिचा माग तुटतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन पिढ्या एकमेकींत मिसळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांच्या नोंदींत पूर्वीच्या जातीच्या जागी ‘बौद्ध’ असा उल्लेख येऊ लागला. तेथे रकान्यातील फरकावरून कुटुंब वेगळे मानता येत नाही.

४. निर्णयाची रीत
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचे नाव ‘सदाशिव तुकाराम’, जन्म १९३१ असे आहे. त्याच गावच्या कोतवाल पंजीत त्याच वर्षी ‘तुका वल्द गोमा’ यास मुलगा झाल्याची नोंद आहे. ‘तुका’ हे ‘तुकाराम’चे लघुरूप असू शकते, परंतु तेवढ्यावर थांबू नये. पुढील प्रश्न विचारावेत :

(अ) त्या काळी गावात दुसरा तुकाराम होता काय?
(आ) जमिनीच्या अधिकार अभिलेखात तुकारामाचा पिता गोमा असल्याचे दिसते काय?
(इ) तुकारामानंतर वारस म्हणून सदाशिवचे नाव लागले काय?

दुसरा तुकाराम नसेल आणि उरलेली दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर दुवा भक्कम मानावा. भूमिहीन कुटुंबात जमिनीचा आधार मिळत नाही. तेथे भावंडांच्या जन्मनोंदी पाहाव्यात. शाळेतील जन्मतारीख अनेकदा अंदाजाने लिहिलेली असे, त्यामुळे तारखेतील अल्प फरक निर्णायक नसतो. पित्याच्या नावातील विसंगतीचे स्पष्टीकरण मात्र द्यावेच लागते. ते देता आले नाही, तर वंशावळीतील ती जागा रिकामी ठेवणे हेच अभ्यासकाचे कर्तव्य होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. आपल्या आडनावाची संभाव्य लेखनरूपे लिहून प्रत्येकाचे भाषिक कारण सांगा.
२. आपल्या आजीच्या माहेरचे नाव कोणत्या नोंदींत सापडू शकेल, ते लिहा.