कातडीचें कलम आणि त्याची बांधणी

कोंकणांत गांवीं जाणाऱ्या तुमच्यापैकीं पुष्कळांनीं आंब्याचें कोयकलम करतांना पाहिलें असेल. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून त्यास मधोमध चीर देतात, तींत जातिवंत आंब्याची काडी पाचरेसारखी तासून बसवितात, आणि लगेच तो सांधा पट्टीनें घट्ट गुंडाळतात. काडी कितीही उत्तम असो. सांधा सैल राहिला किंवा हालला, तर ती वाळून जाते. मनुष्याच्या देहावरही असेंच एक कलम करतां येतें. तें कातडीचें कलम होय. तेथेंही शस्त्रवैद्याचें कौशल्य जितकें महत्त्वाचें, तितकीच नंतरची बांधणी महत्त्वाची. ती कशी करतात व कां जपावी, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

हा विषय आपणांस दूरचा नाहीं. आपल्या नवी मुंबईंतच, ऐरोली येथें, भाजलेल्या रोग्यांसाठीं नॅशनल बर्न्स सेंटर हें स्वतंत्र रुग्णालय आहे. उकळतें पाणी, तापलेलें तेल, पेटलेला पदर अशा घरगुती कारणांनींच मनुष्य कितीदां तरी भाजतो.

कातडीचे मुख्य थर दोन: वरचा पातळ आणि खालचा जाड. केवळ वरचा थर भाजला तर थोड्या दिवसांत नवी कातडी येते. कारण केसांच्या मुळांशीं व घामाच्या ग्रंथींत असलेल्या पेशी वाढून जखम झांकतात. परंतु भाजणें खोल गेलें म्हणजे ह्या पेशीही नष्ट होतात. मग जखम फक्त कडांकडून भरूं लागते, व भरतां भरतां आंखडते. गळा भाजलेल्या मुलाची हनुवटी छातीकडे ओढली जाते. कोपर भाजलेल्याचा हात सरळ होत नाहीं. हें टाळण्यासाठीं मेलेली कातडी काढून त्या जागीं रोग्याचीच निरोगी कातडी लावावी लागते.

ही कातडी बहुधा मांडीवरून घेतात. खास सुरीनें किंवा यंत्रानें तिचा सुमारें ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात. मांडीवर खालच्या थराचा बराच भाग शिल्लक राहतो, म्हणून ती जागा साधारणतः दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. जखम मोठी असल्यास पापुद्र्यास बारीक छेद पाडून तो जाळीसारखा ताणतात. पॅरिस येथें रेव्हर्दां नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८६९ सालीं कातडीचे लहान लहान तुकडे जखमेवर लावून ते जगतात असें दाखविलें. आजची रीत त्याच बीजापासून वाढली आहे.

आतां हा पापुद्रा जगतो कसा? मांडीपासून सुटतांच त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेंतून पाझरणारा द्रव स्पंजाप्रमाणें शोषून तग धरतो. पुढें जखमेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्या वाहिन्यांस जुळूं लागतात, आणि पांच ते सात दिवसांत त्यांत रक्त खेळूं लागून तो गुलाबी दिसतो. या काळांत त्याचे शत्रू तीन. पहिला, त्याच्याखालीं सांचणारें रक्त किंवा पाणी. त्यामुळें पापुद्रा जखमेपासून उचलला जाऊन उपाशी मरतो. दुसरा, हालचाल, पापुद्रा किंचित् घसरला तरी नुकत्याच जुळलेल्या वाहिन्या तुटतात. तिसरा, जंतूंचा संसर्ग. या तिघांस अडविणें हाच बांधणीचा हेतु.

प्रथम पापुद्र्याच्या कडा टाक्यांनीं किंवा धातूच्या पिनांनीं अडकवितात व खालीं राहिलेलें रक्त हलकेच दाबून बाहेर काढतात. त्यावर पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी ठेवतात. ती चिकटत नाहीं, म्हणून पुढें काढतांना पापुद्रा तिच्याबरोबर निघून येत नाहीं. तिच्यावर गॉझचे थर, त्यांवर कापसाची जाड गादी, आणि सर्वांवर लवचिक पट्टी सारख्या दाबानें गुंडाळतात. सांधा जवळ असेल तर तो हालूं नये म्हणून प्लॅस्टरचा आधारही देतात. जेथें पट्टी गुंडाळतां येत नाहीं, अशा चेहऱ्यासारख्या जागीं कडेच्या टाक्यांचे दोरे लांब ठेवतात, मध्यें कापसाचा गोळा बसवितात, आणि समोरासमोरचे दोरे त्यावर गांठोड्यासारखे बांधतात. पहिली पट्टी बहुधा पांचव्या दिवसाच्या सुमारास, भिजवून, सावकाश सोडतात. दुर्गंधि किंवा ताप आल्यास डॉक्टर ती आधींच उघडून पाहतात.

मांडीच्या जखमेचीही काळजी घ्यावी लागते. कित्येकदां कलमापेक्षां तीच अधिक दुखते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. माधुरी गोरे यांनीं अशा जखमेवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली, व तो अनुभव २००३ सालीं प्रसिद्ध केला. पान गुळगुळीत असल्यामुळें जखमेस चिकटत नाहीं, काढतांना वेदना कमी होतात, आणि खर्चही फार थोडा. मात्र तें पान रुग्णालयांत निर्जंतुक केलेलें असतें. अंगणांतील पान तोडून जखमेवर लावूं नये.

येथें आईबापांचें काम सुरू होतें. समजा, सहा वर्षांच्या मुलीच्या हातावर कलम केलें आहे. तिसऱ्या दिवशीं ती रडते, पट्टी टोंचते म्हणते. आईचें मन द्रवतें; ‘जरा सैल केली तर काय बिघडेल?’ असें तिला वाटतें. परंतु त्या एका क्षणांत तीन दिवसांत जुळलेलें सारें तुटूं शकतें, आणि मुलीस पुन्हां शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावें लागतें. बोटें निळसर, थंड किंवा बधिर झालीं, तर ताबडतोब परिचारिकेस सांगावें. आपल्या हातानें गांठ सोडूं नये. मुलीस गोष्टी सांगाव्या, दूध, डाळ, अंडीं असें पौष्टिक अन्न द्यावें, व हात उंच उशीवर ठेवावा. या वेळीं खरी माया ती हीच. कलम धरल्यावर मात्र डॉक्टर सांगतील तो व्यायाम नेमानें करवावा, नाहींतर कातडी पुन्हां आंखडते.

कधीं कधीं मनुष्य इतका भाजतो कीं त्याची स्वतःची कातडी पुरत नाहीं. तेव्हां मृत्यूनंतर दान केलेली कातडी तात्पुरती लावतात. शरीर ती कांहीं आठवड्यांत टाकून देतें, पण तोंवर जखम झांकलेली राहते व जीव वांचण्यास अवधि मिळतो. शीव येथील रुग्णालयांत २००० सालीं त्वचापेढी सुरू झाली. ऐरोली येथेंही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत कळविल्यास हें दान देतां येतें. फक्त पातळ पापुद्रा घेतात, म्हणून देह विद्रूप होत नाहीं. आणि रक्तगट जुळविण्याचीही गरज नसते.

कलमाची वेळच येऊं नये हें सर्वांत बरें. तरीही कोणी भाजलेंच, तर त्या जागेवर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें. शाई, टूथपेस्ट किंवा बर्फ लावूं नये, आणि डॉक्टरांकडे न्यावें. आणि पुढें कोणाच्या अंगावर कलमाची पट्टी दिसली, तर तिच्याखालीं काय जुळत आहे हें आठवून तिला हात लावूं नये.