बूट विकताना आधी पाय पाहा

व्यापारी बंधूंनो, डोंगरातल्या शिकारीसाठी कोणते बूट घ्यावेत, याची चर्चा परदेशात पुष्कळ चालते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. पण कळंबच्या बाजारात येणारा शेतकरी, शेतमजूर आजही काटे, चिखल आणि सापांतूनच चालतो. त्याला बूट देताना काय पाहावे, ते आज समजून घेऊ.

माप : माप शक्यतो संध्याकाळी घ्यावे, दिवसभराच्या चालण्याने पाय फुगतो. गिऱ्हाइकाला मोजे घालून उभे करावे. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाचे माप धरावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहावी, मात्र चालताना टाच आत सरकू नये.

मजबुती : तळ शिवलेला की नुसता चिकटवलेला, हे पाहूनच माल उचलावा. काळ्या मातीसाठी खोल व विरळ खाचांचा तळ बरा. बारीक खाचांत चिखल भरून पाय घसरतो. भिजलेले चामडे सावलीत वाळवावे, चुलीजवळ नव्हे.

फवारणी : २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. चामडे विषारी औषध शोषून घेते. म्हणून फवारणीसाठी रबरी गमबूटच द्यावा, पॅन्ट बुटावरून बाहेर सोडायला सांगावी. हातमोजे आणि मास्कचीही आठवण करून द्यावी.

महाग चामडी जोड खपवून चार पैसे जास्त सुटतील. पण आम्हाला वाटते, योग्य जोड देणाऱ्याकडेच गिऱ्हाईक परत येते. खरी बरकत त्यातच आहे.