उत्स्फूर्त विनोदी नाट्यातील मानवेतर पात्रे

उत्स्फूर्त नाट्यप्रयोगाला लिखित संहिता नसते. प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून घ्यावयाचा आणि त्याच्या आधारे नटांनी तेथल्या तेथे प्रसंग उभा करावयाचा, अशी त्याची रीत आहे. १९५९ साली शिकागो येथे स्थापन झालेल्या 'सेकंड सिटी' या संस्थेने या रीतीला व्यावसायिक रंगभूमीवर स्थिर स्थान मिळवून दिले. तिचा पाया मात्र व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी रचलेल्या नाट्यखेळांत आहे. संस्थेच्या संस्थापकांपैकी पॉल सिल्स हे त्यांचेच पुत्र होत.

प्रेक्षकाने सुचविलेला शब्द 'मांजर', 'छत्री' किंवा 'भूत' असा असला, म्हणजे नटाला मानवेतर पात्र व्हावे लागते. नवशिक्या नटाला हे काम सोपे वाटते. तो चार पायांवर चालू लागतो, म्याँव करतो आणि प्रेक्षक हसतात. परंतु दुसऱ्या म्याँवला ते हसत नाहीत. नक्कल एकदाच चकित करते. तिच्यातून प्रसंग पुढे सरकत नाही. समोरच्या नटाची तर फारच अडचण होते, कारण केवळ ओरडणाऱ्या पात्राशी बोलावयाचे तरी काय?

यावरचा उपाय एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन भाऊ घराची वाटणी करीत आहेत, असा प्रसंग समजावा. तिसऱ्या नटाच्या वाट्याला वडिलांची जुनी छत्री आली आहे.

प्रथम त्याने छत्रीच्या देहाचा एकच नियम निश्चित करावा. मिटलेली छत्री सरळ आणि अंग चोरून असते. कोणी उघडल्याशिवाय ती उघडत नाही. एवढा नियम पुरेसा आहे. छत्रीचे सर्वच भाग देहाने दाखवू पाहणारा नट कोणताच भाग नीट दाखवीत नाही. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक (१९२१–१९९९) आपल्या पॅरिसमधील शाळेत विद्यार्थ्यांकडून प्राणी, पंचमहाभूतांपैकी पाणी व अग्नी, तसेच निरनिराळे पदार्थ यांच्या हालचालींचा कसून अभ्यास करवून घेत. मात्र पुढे तो अभ्यास मानवी पात्राकडे वळवावयाचा असे. आत साठविलेले पुष्कळ आणि बाहेर दाखविलेले थोडे, हे प्रमाण येथेही राखावे.

त्यानंतर छत्रीला काय हवे आहे, हे ठरवावे. तिला पावसाची ओढ असेल, किंवा एखाद्या बसमध्ये आपण विसरून राहू अशी धास्ती असेल. देह छत्रीचा असला, तरी ही ओढ प्रेक्षकाला स्वतःची वाटली पाहिजे. दोघे भाऊ जमिनीसाठी भांडत असताना छत्रीला कोणीच मागत नाही. ती मात्र दोघांकडे आळीपाळीने आशेने पाहते. हसू येथे उत्पन्न होते, आणि वडिलांची आठवण कोणालाच नको आहे हे सत्यही येथेच उघडे पडते.

शेवटी येतो तो दर्जाचा प्रश्न. लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात काम केलेले कीथ जॉन्स्टन (१९३३–२०२३) यांनी 'इम्प्रो' (१९७९) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की रंगभूमीवरील प्रत्येक उच्चार व हालचाल पात्राचा दर्जा चढवते अथवा उतरवते. छत्री ही घरातील सेवक. पण वडील पावसात कोणाकडे जात होते, हे केवळ तिलाच ठाऊक आहे. ती हे बोलू लागताच तिचा दर्जा चढतो आणि भावांचा उतरतो. मात्र त्यासाठी भावांनी छत्रीचे बोलणे निमूटपणे खरे मानले पाहिजे. 'छत्री कधी बोलते काय?' असे विचारणारा नट एक टाळी मिळवतो, परंतु सोबत्याच्या पायाखालची जमीन काढून घेतो.

मानवेतर पात्राला माणसापेक्षा अधिक बोलण्याची मुभा असते, हे भारतीय लोकरंगभूमीला अपरिचित नाही. दक्षिण कोकणातील दशावतारी खेळाचे संवाद परंपरेने लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते आणि बोलणे नटाने रंगमंचावरच रचावयाचे असते. त्याच्या पूर्वरंगात वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषात येतो आणि मालवणी बोलीत थट्टा करतो. शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध व्हावयाचाच आहे, हे सर्व गावाला ठाऊक असते. म्हणूनच तोवर त्याच्या जिभेला कोणी आवर घालीत नाही. माणसाने बोलल्यास जे उद्धट ठरेल, ते राक्षसाच्या तोंडी खेळीमेळीने ऐकले जाते.

ही मुभा जबाबदारीने वापरावयाची असते. एखाद्या जातीला, जमातीला किंवा दुर्बळ माणसाला हिणविण्यासाठी त्यांना प्राण्याचे रूप दिले, तर विनोद क्रूर होतो. मानवेतर पात्राची दृष्टी वर, म्हणजे सत्तेकडे आणि दंभाकडे, वळलेली असावी. अथवा ती स्वतःच्या हव्यासाकडे वळलेली असावी.

अभ्यास : प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक जुनी वस्तू निवडून तिचे दहा मिनिटे निरीक्षण करावे. तिच्या देहाचा एक नियम व तिची एक इच्छा प्रत्येकी एका वाक्यात लिहावी. नंतर दोन सोबत्यांसह तीन मिनिटांचा प्रसंग करावा. त्यातील पहिल्या मिनिटात वस्तूने एकही शब्द बोलू नये. प्रसंग संपल्यावर प्रेक्षकांना 'ती वस्तू कोणती होती?' असे विचारू नये. 'तिला काय हवे होते?' असे विचारावे.