श्वासाची नळी आणि संगणकाची नजर

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी पाहून नातेवाइकांचा जीव कासावीस होतो. परंतु तिचे खालचे टोक नेमके कोठे आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. श्वासनलिका खाली जेथे दुभंगते, त्या जागेच्या साधारणपणे ३ ते ५ सेंटीमीटर वर हे टोक असावे लागते. उजवी शाखा डावीपेक्षा रुंद व सरळ असल्याने खोल गेलेली नळी बहुधा उजवीकडे शिरते आणि डावे फुफ्फुस हवेविना राहते. फार वर राहिल्यास ती निसटण्याचे भय. शिवाय रुग्णाची मान पुढे वा मागे झुकली, एवढ्यानेही टोक सुमारे २ सेंटीमीटर सरकू शकते. कूस बदलताना आमच्या परिचारिका नळीवरील आकडा पुन्हा पुन्हा पाहतात, तो यासाठीच.

नळीची खोली छातीच्या क्ष-किरण चित्रावरून ठरवितात. मध्यरात्रीचे चित्र तज्ज्ञांच्या नजरेखाली येण्यास मात्र वेळ लागू शकतो. येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य होऊ शकते. जीई हेल्थकेअर कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत जाहीर केलेली प्रणाली खाटेजवळ नेता येणाऱ्या क्ष-किरण यंत्रातच असून, ती टोकाचे अंतर मोजून दाखविते.

अशा प्रणालीसाठी देणगी देण्याची इच्छा काही हितचिंतकांनी व्यक्त केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि ‘९९ टक्के अचूक’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये, असे आम्हा हिशेब पाहणाऱ्यांना वाटते. रॉयल ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०२०-२१ मधील स्पर्धेत संगणकाला शिकविण्यासाठी ३० हजारांहून अधिक चित्रे दिली होती. त्यांत श्वासाची नळी स्पष्टपणे चुकीच्या जागी असलेली चित्रे १०० हूनही कमी होती. म्हणजे प्रत्येक चित्रावर डोळे मिटून ‘चूक नाही’ असा शेरा मारणारा प्रोग्रॅमही ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरला असता, आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य! विक्रेत्यास विचारावयाचे ते हे की, चुकीच्या नळ्यांपैकी किती पकडल्या आणि किती वेळा विनाकारण इशारा दिला.

आणखी एक बाब. नळी चुकून अन्ननलिकेत गेली असल्यास समोरून काढलेल्या एकाच चित्रावरून ते खात्रीने कळत नाही. मग ते चित्र मनुष्याने पाहो वा संगणकाने. त्यासाठी कॅप्नोग्राफ लागतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची लहर तो प्रत्येक श्वासागणिक पडद्यावर दाखवितो. लहर उमटली नाही, तर डॉक्टर क्ष-किरण चित्राची वाट पाहत बसत नाहीत.

म्हणून या निधीतून प्रथम व्हेंटिलेटरच्या प्रत्येक खाटेस कॅप्नोग्राफ देण्याचे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. संगणकीय प्रणालीचा विचार त्यानंतर होईल. तत्पूर्वी आपल्याच रुग्णालयातील जुनी चित्रे, नावे वगळून, तिला दाखविली जातील आणि तिचे निष्कर्ष आमच्या डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिले जातील.