जिताड्यातील मरतूक : विषाणूचा माग कसा काढतात?

जिताडा पिंजऱ्यात किंवा तळ्यात वाढविणाऱ्या शेतकरी बंधूंनी व्हायरल नर्व्हस नेक्रॉसिस (व्हीएनएन) हा रोग ओळखावयास शिकले पाहिजे. तो बीटानोडा नावाच्या विषाणूमुळे होतो. पिले काळपट पडतात, खाणे सोडतात, गरगर फिरत पोहतात आणि थोड्याच दिवसांत मोठ्या प्रमाणावर मरतात. विषाणू मेंदू व डोळ्यांतील पेशी पोखरतो. यावर औषध नाही. प्रतिजैविके वापरणे म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात घालणे होय.

मरतूक झाली की पहिला राग बीज देणाऱ्यावर निघतो. तो खरा असू शकतो, कारण हा विषाणू प्रजनक माशांकडून अंड्यांवाटे पिलांत येतो. परंतु तो खाडीतील इतर माशांकडूनही येतो. रोगातून वाचलेले मासे तर वरून निरोगी दिसतात आणि विषाणू बाळगून असतात. रोग पाण्यातून आला असेल तर नुसते बीजकेंद्र बदलून काय उपयोग?

येथे जनुकीय तपासणी कामास येते. विषाणूची नक्कल होताना चुका होतात व त्या पुढील पिढ्यांत उतरतात. सातबाऱ्याचा उतारा हाताने नकलताना एखादा गट क्रमांक चुकला आणि तीच चूक दुसऱ्या उताऱ्यात दिसली, तर दोन्हींचे मूळ एकच असावे हे आपण ताडतो. तसेच हे आहे. पीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. त्याचे नातेगोते कळण्यासाठी जनुकीय अक्षरक्रम वाचावा लागतो.

चिलीत २००७ साली सामन माशांत आयएसए या दुसऱ्या विषाणूची मोठी साथ आली. अक्षरक्रम जुळवून पाहता तो विषाणू नॉर्वेतील विषाणूंचा जवळचा नातलग निघाला. चिलीत नॉर्वेहून सामनची अंडी आयात होत असत, त्यामुळे संशय त्या वाटेवर गेला. तरीही तो अंड्यांतूनच आला का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. नाते सिद्ध झाले तरी वाट आपोआप सिद्ध होत नाही.

जिताड्यात हे अधिक जपून पाहावे लागते. बीटानोडाच्या चार मुख्य प्रकारांपैकी उष्ण पाण्यातील आरजीएनएनव्ही हा प्रकार अनेक देशांत पसरलेला आहे. तेव्हा बीज व पिंजरा या दोन्हींत 'एकच प्रकार' सापडला, एवढ्यावरून बीजकेंद्र दोषी ठरत नाही. शिवाय या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनएच्या दोन तुकड्यांत असते आणि दोन प्रकारांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. भूमध्य समुद्रातील माशांत असे मिश्र विषाणू आढळले आहेत. म्हणून दोन्ही तुकडे वाचून घ्यावेत.

मात्र तुलनेला नमुनाच नसेल तर प्रयोगशाळा काय करणार? बीज आले त्याच दिवशी, तळ्यात सोडण्यापूर्वी, थोडी पिले वेगळी काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत. बाटलीवर तारीख, बीजकेंद्र व खेप पेन्सिलीने लिहावी. शाई अल्कोहोलने पुसली जाते. मरतूक सुरू झाल्यास मेलेल्या नव्हे, तर मरणासन्न पिलांचा नमुना तसाच घ्यावा. फॉर्मॅलिनमधील नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास चांगला, परंतु अक्षरक्रम वाचण्यास बहुधा निरुपयोगी ठरतो. मेलेले मासे खाडीत न टाकता चुना घालून पुरावेत.