स्कूटरचा वेग कुठे हरवतो?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात न्हावरे नावाचे गाव आहे. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता या गावातून जातो. तळेगाव ढमढेऱ्याकडून येणारा रस्ताही येथेच येऊन मिळतो. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावचा. असे नाक्याचे गाव म्हटले की चहाचे दुकान, पंक्चर काढणारा आणि दुचाकी दुरुस्त करणारा मिस्त्री हे आलेच.

मित्रांनो, अशा एखाद्या मिस्त्रीच्या दुकानासमोर तुम्ही घटकाभर उभे राहा. कोणीतरी आजोबांच्या काळातली स्कूटर ढकलत आणतो आणि म्हणतो, "मिस्त्री, गाडी पळत नाही. जरा वेग वाढवून द्या." जाणता मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. तो आधी विचारतो, "पूर्वी किती पळत होती?" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातच सगळी मेख आहे. हरवलेला वेग परत मिळवणे ही एक गोष्ट आणि गाडीत मुळात नसलेला वेग तिच्याकडून काढून घेणे ही दुसरी गोष्ट. पहिलीला दुरुस्ती म्हणतात. दुसरीला काय म्हणायचे, ते पाठ वाचून तुम्हीच ठरवा.

दुकानातली बोली कान देऊन ऐका. दुरुस्ती, कारागीर, उस्ताद, हवा हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. मराठीने ते केव्हाच आपले करून टाकले.

या जुन्या गाड्यांचे आणि पुणे जिल्ह्याचे नाते जवळचे आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज कंपनीचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून बजाजने आधी व्हेस्पा स्कूटर काढल्या. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. पुढे १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. ती मिळण्यासाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. त्याच वर्षी कायनेटिक कंपनीची लूना बाजारात आली. लूनाचे इंजिन अवघे ५० सी.सी.चे. तिला गिअर नव्हते. पायडल मारून ती सुरू करायची आणि बिघडली तर सायकलसारखी दामटायची. या दोन्ही गाड्या आता रस्त्यावर क्वचित दिसतात. धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक इंजिनाचा जमाना सरला. चेतक हे नाव २०१९ मध्ये परत आले आणि लूना हे नाव २०२४ मध्ये, पण आता त्या गाड्या विजेवर चालतात.

टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे काय? सिलिंडर नावाच्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो. तो वर जाताना दोन कामे एकदम होतात. डोक्यावरचे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि पायाखालच्या पेटीत नवे मिश्रण ओढले जाते. वर प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते, पिस्टन जोराने खाली येतो. खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतली एक खिडकी उघडते, तिच्यातून धूर बाहेर पडतो. लगेच दुसरी खिडकी उघडते आणि पायाखाली साठलेले नवे मिश्रण वर येते. झाला एक फेरा. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, येथे प्रत्येक फेऱ्याला. म्हणून इंजिन लहान असूनही जोर चांगला. त्यात झडपा नाहीत, भाग थोडे. खेड्यातल्या मिस्त्रीला ते एका पथारीवर उघडून मांडता येई.

पण या सोयीची एक किंमत आहे. पेट्रोल पिस्टनच्या खालच्या पेटीतून जात असल्यामुळे तेथे वेगळे ऑईल भरून ठेवता येत नाही. म्हणून ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. चेतकसारख्या गाडीत एका लिटरला साधारण २० मिलिलिटर, म्हणजे तीन लिटरला ६० मिलिलिटर. हे ऑईल इंजिनाला वंगण देते आणि शेवटी स्वतःही जळते. जळताना काजळी धरते. पिस्टनच्या माथ्यावर, धुराच्या खिडकीच्या कडेला आणि सायलेन्सरच्या पोटात ती थराथराने साठते. चुलीचे धुराडे तुंबले की चूल धुमसते, तसेच इंजिनाचे होते. जुना धूर पुरता बाहेर जात नाही, मग नव्या मिश्रणाला जागा कुठून मिळणार?

तर हरवलेला वेग बहुतेक वेळा येथे, काजळीत हरवलेला असतो. तरीही चांगला मिस्त्री सुरुवात इंजिनापासून करत नाही. तो गाडी स्टँडवर लावून चाक हाताने फिरवतो. चाक अडखळत असेल तर ब्रेक घासतो आहे, इंजिन बिचारे निर्दोष आहे. मग टायरमधली हवा पाहतो. मग हवेची जाळी. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागून गाडी रोज धूळ खात गेली असेल, तर ती जाळी गच्च झालेली असते. एवढ्यानेच पुष्कळ गाड्या पुन्हा पळू लागतात, आणि गिऱ्हाईकाला वाटते की मिस्त्रीने काही केलेच नाही!

नंतर तो प्लग काढतो. प्लग म्हणजे इंजिनाची नाडी. त्याचे टोक चहाच्या रंगाचे, तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त पडते आहे. पांढरेफटक असेल तर मात्र मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडते, कारण इंजिनाला पेट्रोल कमी मिळते आहे आणि ते आतून फार तापते आहे. प्लगच्या दोन टोकांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते. ते पत्तीने मोजतात, नजरेने नव्हे.

आता काजळी. हेड उघडून पिस्टन वर आणतात आणि त्याच्या माथ्यावरची काजळी लाकडाच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीने खरवडतात. स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर ओरखडा उठला की तेथेच पुन्हा काजळी धरते. पिस्टन खाली नेला की धुराची खिडकी दिसते, तीही हळुवार साफ करायची. सायलेन्सर काढून दूर नेतात आणि आगीत लाल करून आतली काजळी जाळतात. पेट्रोलपासून ही आग लांब हवी. हे काम मिस्त्रीचे आहे, घरच्या अंगणात करून पाहण्याचे नाही.

इतके झाले की गाडी तिच्या मूळच्या वेगाला येते. येथे दुरुस्ती संपते. पण काही तरुणांचे समाधान येथे होत नाही. कोणी सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकतो, कोणी हेड घासून आणतो, कोणी कार्बोरेटरमधली पेट्रोलची जेट बदलतो.

जाळी काढली की आवाज फाडफाड होतो आणि चालवणाऱ्याला वाटते, वेग वाढला. बहुधा वाढलेला असतो तो आवाजच. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर केवळ आवाज गिळत नाही. धूर जोराने बाहेर पडतो तेव्हा नळीतून दाबाची एक लाट जाते. नळीच्या अरुंद भागावर आपटून ती मागे फिरते आणि खिडकीतून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एम.झेड. कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात ही लाट नेमकी पकडली. १९६१ साली त्यांच्या १२५ सी.सी.च्या इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा स्पर्धक चालक अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि जपानच्या सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सी.सी.ची जागतिक स्पर्धा जिंकली. एका नळीच्या आकारात एवढे ज्ञान साठलेले असते, आणि आपण ती नळी हातोडीने फोडून मोकळी करतो.

शिवाय एक हिशेब करून पाहा. वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो. वेग दीडपट करायचा तर हवा कापायला दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट शक्ती लागते. चेतकची शक्ती सुमारे साडेसात अश्वशक्ती. तिच्याकडून दीडपट वेग हवा असेल तर पंचविसाच्या आसपास अश्वशक्ती पाहिजे, म्हणजे काडेन यांच्या शर्यतीच्या इंजिनाइतकी! ते इंजिन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असे. जाळी काढून आणि हेड घासून हा आकडा गाठता येत नाही.

थांबण्याचेही गणित आहे. ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर गेलात, तर वेग दीडपट होतो, पण ब्रेक लावल्यावर लागणारे अंतर सव्वादोन पट होते. न्हावऱ्याच्या परिसरातले रस्ते आठवा. उसाच्या हंगामात अंधारात पुढे ट्रॉली चालली आहे, तिला मागे दिवा नाही. स्कूटरची चाके लहान, ब्रेक जुन्या पद्धतीचे. इंजिनाचा वेग वाढवून देणाऱ्याने ब्रेक वाढवून दिलेला नसतो.

सर्वांत वाईट खोड जेटची. पेट्रोल कमी केले की गाडी काही दिवस हलकी पळते. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑईलही कमी होते. पिस्टन तापतो, फुगतो आणि भर वेगात सिलिंडरला चिकटतो. याला गॅरेजमध्ये इंजिन 'सीझ' झाले असे म्हणतात. मागचे चाक क्षणात थांबते आणि गाडी घसरते. जुने चालक सांगत, चढावर किंवा लांबच्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज बदलला, गाडी आपोआप मंदावू लागली, की ताबडतोब क्लच दाबा. क्लच दाबला की चाक मोकळे होते आणि गाडी सरळ कडेला घेता येते. ज्यांची दोन बोटे नेहमी क्लचवर असत, ते वाचत.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार परवान्यासाठी वय १८ वर्षे लागते. ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला १६ वर्षे. गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करायलाही कायद्याची मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हौस मुलाची आणि कोर्टात उभे राहायचे वडिलांनी.

सीझ झालेले इंजिन पुन्हा सुरू होते, पण सहजासहजी नाही. सिलिंडर लेथवर नेऊन थोडा रुंद करतात. याला रिबोअर म्हणतात. मग त्याच मापाचा नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवतात. गाडी परत देताना मिस्त्री बजावतो, "पहिले काही दिवस हळू चालवा. ऑईल थोडे जास्त टाका. मागे कोणाला बसवू नका." नवा पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांवर घासून जुळेपर्यंत एवढे पाळावे लागते. तोवर साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टरसुद्धा या स्कूटरच्या पुढे निघून जातात.