कमी चाललेली जुनी गाडी

आपल्या मांडवगण फराटा भागात चारचाकी गाडी आता नवलाची राहिलेली नाही. उसाचे बिल हाती येते. घरात म्हातारी माणसे असतात. रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागते. लेकीबाळींना आणायचे-पोचवायचे असते. मग घरात गाडीचा विषय निघतो. नवी गाडी झेपत नाही, म्हणून जुनी पाहू असे ठरते.

मग कोणी दलाल येतो. म्हणतो, "भाऊ, डिकीवाली सेडान आहे. एकहाती गाडी. रनिंग फक्त अठरा हजार!" हा आकडा ऐकला की आपण भुलतो आणि तिथेच इसार देऊन मोकळे होतो.

थांबा. बैलबाजारात आपण असे करतो का? मालक म्हणतो, "बैल चार दाती आहे." आपण मान डोलावत नाही. बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. गाडीचेही दात मोजता येतात. त्यासाठी आकडे वाचता आले म्हणजे झाले. आणि ते तर आता आपल्याला येतात.

मीटरचा आकडा

गाडी एकूण किती किलोमीटर चालली, हे मीटरवर दिसते. पण हा आकडा यंत्र लावून कमी करता येतो. तसे करणे ही फसवणूक आहे, तरी लबाड माणसे ते करतात. म्हणून एकट्या मीटरची साक्ष धरू नये. इतर साक्षी तपासाव्यात.

पहिली साक्ष हिशेबाची. समजा गाडी सहा वर्षांची आहे आणि मीटर दाखवते १८,०००. म्हणजे वर्षाला ३,००० आणि महिन्याला २५० किलोमीटर. मालक जर रोज गाडीने कामावर जाणारा असेल, तर हा हिशेब जुळेल का? तुम्हीच सांगा.

दुसरी साक्ष टायरची. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार इंग्रजी आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ११२२ लिहिले असेल, तर टायर २०२२ सालच्या अकराव्या आठवड्यात तयार झाला. आता डिकीतली स्टेपनी पाहा. स्टेपनी २०१८ ची आणि खालचे चारही टायर २०२२ चे निघाले, तर विचारा, "गाडी एवढी कमी चालली, मग टायर का बदलले?" कारण खरे असेल तर मालक सरळ सांगेल.

तिसरी साक्ष पायाखालची. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे काय? स्टेअरिंगची कातडी चकाकते काय? ड्रायव्हरचे आसन बसले आहे काय? अठरा हजार किलोमीटरमध्ये एवढी झीज होत नाही.

चौथी साक्ष सर्व्हिसच्या पुस्तकाची. दर सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहितात. तारखेबरोबर किलोमीटर वाढत गेले पाहिजेत. मागच्या नोंदीत ४०,००० आणि आज मीटरवर १८,००० असेल, तर हात जोडून घरी यावे.

गाडी उभी राहिली तर

आता समजा, आकडा खरा निघाला. गाडी खरोखरच कमी चालली आहे. तरी ती चांगलीच असेल असे नाही. विहिरीवरचा पंप वर्षभर बंद ठेवला, तर तो अडकतो. गाडीचेही तसेच आहे.

गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. टायरचे रबर वाळते, त्याला बारीक भेगा पडतात. ब्रेकला गंज धरतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. शेजारी उसाचे रान असेल, तर उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात. म्हणून नुसते रनिंग पाहू नये. शेवटचे ऑईल कधी बदलले आणि गाडी किती दिवस जागेवर उभी होती, हे विचारावे.

गाडी कधी व कशी पाहावी

गाडी उजेडी पाहावी, रात्री पाहू नये. आपण जाण्याआधी ती सुरू करू नये, असे मालकाला सांगून ठेवावे. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर गाडी आधीच तापवून ठेवली आहे असे समजावे. थंड इंजिनाचे दुखणे लपत नाही.

सुरू केल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येते, तिला भिऊ नये. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर चालूच राहिला, तर इंजिनात पाणी जात असण्याची शंका घ्यावी.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिकावे. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकता येतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. तळाशी गाळाची रेघ दिसते काय? पायाखालचे कापड उचलून वास घ्यावा. कुबट वास आला, तर स्वस्तातही गाडी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. सेडान गाडी बुटकी असते. तिचे पोट जमिनीपासून साधारण १६-१७ सेंटिमीटर वर असते. वस्तीचा रस्ता खोल चाकोऱ्यांचा असेल, तर घरची माणसे बसवून त्याच रस्त्याने ती एकदा चालवून पाहावी.

शेवटी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवावी. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री नको.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. गाडीचा सातबारा म्हणजे आर.सी. त्यावर मालकाचे नाव, गाडी तयार झाल्याचे साल, चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो. चासी नंबर गाडीवर कोरलेला असतो. आर.सी. हातात धरून तो एकेक अक्षर, एकेक आकडा जुळवून पाहावा. एक आकडा जरी चुकला, तरी व्यवहार करू नये.

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसा आर.सी.वर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटले असेल तर बँकेचा दाखला घेऊन तो बोजा उतरवून घ्यावा. विमा, पीयूसी आणि कर यांच्या तारखा वाचाव्यात. दंडाची चलने थकली आहेत काय, हे शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहता येते. घरातल्या शिकत्या मुलाला शेजारी बसवून ते पाहावे.

जमिनीचा फेरफार करतो, तशी गाडीही नावावर करून घ्यावी. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिकडच्या गाडीवर एम एच ४२, आपल्याकडच्या गाडीवर एम एच १२. गाडी दुसऱ्या कार्यालयाकडे नोंदलेली असेल, तर तिथला ना हरकत दाखला लागेल काय, हे पैसे देण्याआधीच विचारावे.

कोणी म्हणेल, "स्टँप पेपरवर लिहून घेतले, बास झाले." तसे नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. ती गाडी हातोहात विकली गेली होती. पण नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. गाडीखाली माणूस गेला. न्यायालयाने सांगितले, नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून आपली गाडी विकताना तर दुप्पट जपावे. विमाही १४ दिवसांच्या आत नव्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. नाहीतर आपल्या गाडीचे नुकसान झाल्यावर कंपनी पैसे नाकारू शकते.

घेतल्यावर निगा

गाडी कमी चालली तरी इंजिनचे ऑईल वर्षातून एकदा बदलावे. ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी. जागेवर सुरू करून बंद करणे उपयोगाचे नाही. टायरमध्ये हवा किती भरावी, हे बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. ते स्वतः वाचावे. गरम इंजिनच्या पाण्याचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो चिकटतो. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

गाडीचे पैसे एका दिवसात मिळालेले नसतात. अठरा महिने ऊस सांभाळावा, तोड यावी, मग बिल यावे. ते पैसे एका आकड्यावर भुलून घालवू नयेत. पूर्वी आपल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी कागद पाहावा लागे. आता आपले डोळे उघडले आहेत. ते व्यवहारात वापरावेत.

अभ्यास

१. एक गाडी ६ वर्षांत ७२,००० किलोमीटर चालली. वर्षाला किती चालली?
२. टायरवर ३५२१ लिहिले आहे. तो कोणत्या साली तयार झाला?
३. आर.सी.वरचा बोजा म्हणजे काय?
४. गावातल्या कोणत्याही एका गाडीजवळ जा. मालकाला विचारून तिच्या पाचही टायरांवरचे आकडे वहीत लिहून आणा.